खाचरातला युरिया जातो कुठे?

पुण्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला काही वाटा आधी भाताच्या खाचरांतून वाहून आलेला असतो. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं साडेदहा टीएमसीहून थोडं अधिक एकट्या पानशेतचं, म्हणजे आंबी नदी अडवून झालेल्या तानाजीसागराचं. या जलाशयाच्या वरच्या अंगाला शिरकोली, टेकपवळे ही गावं आणि घोळच्या वाटेवरच्या वाड्या आहेत. वेल्हे तालुक्याचा (आता राजगड) हा भाग घाटमाथ्याला लागून आहे. पाऊस धो धो, जमीन उताराची आणि उतारावर बांध घालून काढलेली खाचरं एकाखाली एक. वरच्या खाचरात पाणी वाढलं की शेतकरी बांधाला तोंड पाडून ते खालच्यात सोडतो. शेवटच्या खाचराखाली ओहळ, ओहळाखाली धरण.

या खाचरांत भाताच्या लावणीनंतर युरिया टाकला जातो. त्यातला किती भाताला मिळतो, उरलेला कुठे जातो आणि तो भातापाशीच राहावा यासाठी काय करता येतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पानशेतच्या परिसरात टाकला जाणारा युरिया पूर्वेकडच्या उसाच्या पट्ट्याच्या मानाने थोडाच आहे, पण नत्राच्या वाटा ओळखायला भाताच्या खाचरासारखी दुसरी जागा नाही. इथे जमीन, पाणी आणि हवा हातभर अंतरात एकत्र येतात आणि नत्र या तिघांतही शिरतं.

आधी नत्राविषयी थोडं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन-दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाला त्यांचा काही उपयोग नसतो. ही जोडी फोडणारे निसर्गात थोडेच आहेत: आकाशातली वीज आणि काही जिवाणू. हरभऱ्याच्या, वालाच्या मुळांवरच्या गाठींत राहणारा रायझोबियम हा त्यांतला शेतकऱ्याच्या ओळखीचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हीच जोडी उष्णता, दाब आणि उत्प्रेरक वापरून प्रयोगशाळेत फोडली. कार्ल बॉश यांनी त्या कृतीचा कारखाना केला आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ इथे अमोनियाचं उत्पादन सुरू झालं. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि अलिबागजवळचं थळ इथल्या आरसीएफच्या (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) कारखान्यांत याच मार्गाने अमोनिया आणि त्यापासून युरिया तयार होतो. आज जगातल्या माणसांच्या अंगातल्या प्रथिनांमधलं जवळपास निम्मं नत्र अशा कारखान्यांतून आलेलं आहे. त्यामुळे युरियाला सरसकट विष म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. अडचण त्याच्या हातातून निसटण्यात आहे.

सुधारित भातासाठी कृषी विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे. गुंठ्याला हे एक किलो नत्र पडतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून एक किलो नत्रासाठी सुमारे दोन किलो १७० ग्रॅम युरिया लागतो. तो हप्त्याहप्त्याने, मुठीने फेकून दिला जातो. पाण्याने भरलेल्या खाचरात अशा फेकलेल्या युरियातलं साधारण ३० ते ४० टक्के नत्रच भाताच्या पिकात सापडतं, असं आशियाभरच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. थोडं जमिनीतल्या सेंद्रिय भागात अडकतं आणि पुढच्या पिकांना कधीतरी मिळतं. बाकीचं गेलं.

ते कसं जातं हे पाहायला दाणा पाण्यात पडल्यापासून सुरुवात करू. युरिया पाण्यात झटकन विरघळतो. विरघळलेल्या युरियावर विद्युतभार नसतो, त्यामुळे मातीचे कण त्याला धरत नाहीत; पाणी जाईल तिकडे तो जातो. जमिनीतल्या आणि पाण्यातल्या युरिएज नावाच्या विकराने त्याचं अमोनियममध्ये रूपांतर व्हायला काही दिवस लागतात. ते दिवस फार नाजूक. जुलैतला एक जोरदार पाऊस त्याच दिवसांत आला, खाचर काठोकाठ भरलं, बांधावरून पाणी गेलं किंवा बांध वाचवायला तोंड पाडावं लागलं, तर युरिया आयता त्या पाण्याबरोबर चालता होतो. कोरड्या भागातल्या शास्त्रीय लेखांत या वाटेला फारसं महत्त्व दिलेलं नसतं. घाटमाथ्यावर मात्र माझ्या मते हीच पहिली वाट आहे, कारण इथे पाऊस थांबण्याची वाट पाहत बसलं तर खताची वेळच निघून जाते.

समजा पाऊस उघडला आणि पाणी खाचरातच राहिलं. आता युरियाचं अमोनियम झालं. अमोनियमवर धनभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋणभार, म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. पण हे होण्यासाठी अमोनियम मातीपर्यंत पोचायला हवं. वर फेकलेल्या युरियाचं बरंचसं अमोनियम पाण्यातच तयार होतं. त्या पाण्यात शेवाळ असेल आणि ऊन पडलं तर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, दुपारी पाणी अल्कधर्मी होतं आणि अल्कधर्मी पाण्यातून अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडतो. उन्हाच्या, वाऱ्याच्या ठिकाणी टाकलेल्या नत्राचा निम्म्यापर्यंत हिस्सा असा उडालेला मोजला गेला आहे. या दुसऱ्या वाटेचं नुकसान पानशेतच्या ढगाळ जुलैत कमी असणार. ऑगस्टच्या उघडिपीत दुसरा हप्ता पडतो तेव्हा मात्र ते होतं.

तिसरी वाट चिखलात आहे आणि ती समजून घ्यायला चिखल हातात घ्यावा लागतो. लावणी होऊन दोन-तीन आठवडे झालेल्या खाचरात हात घालून मूठभर चिखल न मोडता वर काढला, तर त्यात दोन रंग दिसतात. वरचा काही मिलिमीटरचा थर तांबूस, त्याखालचा निळसर राखाडी. वरच्या थराला पाण्यातून थोडा ऑक्सिजन मिळतो, म्हणून तिथलं लोह तांबूस राहतं. खालच्या थरात ऑक्सिजन नसतो. तिथलं लोह रंग बदलतं आणि चिखलाला तो ओळखीचा कुबट वास येतो. वरच्या पातळ थरात अमोनियम असेल तर ऑक्सिजन वापरणारे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋणभार असतो, माती त्याला धरत नाही, ते पाण्याबरोबर खाली राखाडी थरात उतरतं. तिथे दुसऱ्याच जातीचे जिवाणू वाट पाहत असतात. श्वासाला ऑक्सिजन नाही म्हणून ते नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायूच्या रूपात सोडून देतात. बराचसा निरुपद्रवी नायट्रोजन होऊन हवेत परततो, थोडा नायट्रस ऑक्साइड होतो. नायट्रस ऑक्साइडचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता अडवतो, आणि वरच्या वातावरणातल्या ओझोनलाही तो झिजवतो. भातखाचरातली ही दोन मजली रचना जपानी शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच उलगडून दाखवली होती, आणि खत खोल घालावं हा सल्लाही तेव्हापासूनचा आहे.

चौथी वाट सरळ खाली जाते. राखाडी थरातूनही निसटलेलं नायट्रेट मुरमातून, खडकाच्या भेगांतून भूजलात उतरतं. घाटमाथ्याच्या तांबड्या, उथळ जमिनी अमोनियम धरून ठेवण्यातही काळ्या जमिनीच्या मागे पडतात, त्यामुळे मुरमाड खाचरात हे नुकसान वाढतं.

हे नत्र पाण्यात पोचलं की पिकासाठी जे ते करणार होतं तेच पाण्यात करतं: वाढवतं. शेवाळ आणि जलपर्णी त्यावर पोसतात. शेवाळ मेलं की ते कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. गोड्या पाण्यात या वाढीला बहुतेक वेळा स्फुरदाची मर्यादा असते, नत्र एकटं सगळं करत नाही. पण दोन्ही एकत्र आले की काय होतं ते उजनीच्या जलाशयावर पुणे-सोलापूर प्रवासात दिसतं. हिरवं पाणी आणि पसरलेली जलपर्णी. इथे न्यायाने सांगायला हवं की उजनीत येणाऱ्या नत्र-स्फुरदाचा मोठा भाग पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याचा आहे. शहराने स्वतःचं मैलापाणी नदीत सोडायचं आणि बोट शेतकऱ्याकडे दाखवायचं, हे चालणार नाही. शेतीचा वाटा त्यात मिसळतो आणि तो मोजायला कठीण असतो, कारण तो एका नळातून येत नाही, हजारो बांधांवरून येतो.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असं भारतीय मानक आहे. यामागचं मुख्य कारण तान्ही बाळं. नायट्रेटयुक्त पाण्यात कालवलेलं दूध बाटलीने पिणाऱ्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते आणि त्वचा निळसर पडते. ज्या घरात तान्हं बाळ आहे आणि पाणी विहिरीचं किंवा बोअरचं आहे, तिथे हे माहीत असणं गरजेचं आहे की पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट वाढतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट या मर्यादेच्या वर आढळलं, महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांहून अधिक होतं. खतांबरोबर उकिरडे, शोषखड्डे आणि गोठे यांचाही त्यात हात आहे.

पानशेतचं पाणी खडकवासल्यातून कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरकडे जातं आणि तिथे ते उसाला मिळतं. उसाची नत्राची भूक भातापेक्षा किती मोठी ते शिफारशींतच दिसतं: सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, पूर्वहंगामीला ३४० आणि आडसालीला ४०० किलो नत्र. हे चार हप्त्यांत द्यायचं असतं. लागणीला दहावा हिस्सा, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी पुन्हा दहावा आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस टक्के. पाटपाण्याने सरी भरून दिली की नायट्रेट मुळांच्या खाली जातं, विहिरीत उतरतं, आणि तीच विहीर पुन्हा उसाला पाणी देते.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सुरू उसाला वर्षभरात पाटपाण्याने साधारण २५० हेक्टर-सेंटिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी २५,००० घनमीटर. समजा ते सगळं अशा विहिरीचं आहे जिच्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम, अगदी पिण्याच्या मर्यादेवर आहे. घनमीटरला ४५ ग्रॅमप्रमाणे वर्षात १,१२५ किलो नायट्रेट शेतात आलं. नायट्रेटच्या वजनात नत्र सुमारे २२.६ टक्के असतं. म्हणजे २५४ किलो नत्र, सुरू उसाच्या संपूर्ण शिफारशीइतकं, विहिरीच्या पाण्यातूनच आलं. ते सगळं पिकाला मिळत नाही, बरंच पुन्हा खाली जातं. पण ठिबकवर आणि पाणी मोजून दिलं तर मोठा भाग परत मिळवता येतो. विहिरीच्या पाण्याची नायट्रेट तपासणी करून त्यानुसार युरियाचा हप्ता कमी करणारा शेतकरी मला तरी क्वचितच भेटतो. माती परीक्षणाइतकंच पाणी परीक्षण रुळायला हवं. उसाच्या पट्ट्याबद्दल आणखीही लिहिण्यासारखं आहे, पाचट न जाळण्यापासून ताग-धैंचा गाडण्यापर्यंत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. आपण खाचराकडे परत जाऊ, कारण तिथला उपाय आपल्याच माणसाने आपल्याच मातीसाठी बसवलेला आहे.

मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण कृष्ण सावंत यांनी अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात भातातल्या युरियावर काम केलं आणि महाराष्ट्रातल्या छोट्या भातशेतीसाठी चारसूत्री लागवडीची पद्धत मांडली. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीची (डायअमोनियम फॉस्फेट) ब्रिकेट ही ती चार सूत्रं.

पहिलं सूत्र राबापासून सुरू होतं. मावळ-मुळशी-वेल्ह्यात रोपांसाठी राब भाजतात: शेण, पालापाचोळा, कवळं पसरून जाळायचं आणि त्या राखेत भात पेरायचा. तण मरतं, राख मिळते, म्हणून ही रीत टिकली. पण आगीत पालाश आणि सिलिका राखेत उरतात, नत्र मात्र धुरात जातं. वर्षभर गोळा केलेल्या शेणातलं नत्र असं एका दुपारी हवेत सोडायचं आणि महिन्याने दुकानातून पोत्याने आणायचं, याला काही अर्थ नाही. चारसूत्रीत राब न भाजता गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात. तुसात सिलिका भरपूर. रोपं ताठ होतात, करपा आणि खोडकिडीला त्यांचा टिकाव बरा लागतो. पेंढाही गुंठ्याला वीस किलो खाचरात घालायचा आहे. प्रत्यक्षात पेंढा गुरांना लागतो, त्यामुळे हे सूत्र जिथे गुरं नाहीत तिथेच पुरं पाळलं जातं.

गिरिपुष्प आपण बहुतेकांनी पाहिलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी. उन्हाळ्याच्या तोंडावर फिकट गुलाबी फुलांनी भरणारं झाड. कोकणात त्याला उंदीरमारी म्हणतात. ते शेंगावर्गातलं, हवेतून नत्र घेणारं. बांधावर त्याचे फाटे लावले की फुटतात आणि छाटणी सोसतात. चिखलणीच्या सहा ते आठ दिवस आधी गुंठ्याला तीस किलो हिरव्या फांद्या खाचरात पसरायच्या. पानं गळून पडली की काटक्या उचलून जळणाला न्यायच्या आणि पानं चिखलात मिसळायची. यातून हेक्टरी दहा ते पंधरा किलो नत्र मिळतं, तेही हळूहळू.

तिसरं आणि चौथं सूत्र एकमेकांशिवाय चालत नाहीत. लावणीच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या अंतराने आलटून पालटून खुणा असतात. त्या खुणांवर चूड (रोपांचा जुडगा) लावत गेलं की चार-चार चुडांचे १५ सेंटिमीटरचे चौकोन तयार होतात आणि दोन चौकोनांमध्ये २५ सेंटिमीटरची वाट राहते. लावणी झाली त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक ब्रिकेट हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. ब्रिकेट म्हणजे युरिया आणि डीएपी ६०:४० प्रमाणात यंत्रावर दाबून केलेली २.७ ग्रॅमची उशीच्या आकाराची वडी. गुंठ्याला अशा ६२५ लागतात, वजन सुमारे पावणेदोन किलो. वडी खोचताना अंगठ्याने ती चिखलात ढकलायची आणि बोट काढताना वरचा चिखल त्या भोकात लोटायचा. भोक उघडं राहिलं तर विरघळलेलं खत त्यातून वर पाण्यात येतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. पुढे कोळपणीला, बेणणीला पाय २५ सेंटिमीटरच्या वाटेतच टाकायचा. चौकोनात पाय पडला की वडी उकरली जाते.

आता वडीच्या जागेवरून वरच्या चारही वाटा पाहू. ती राखाडी थरात आहे. तिथे ऑक्सिजन नाही, म्हणून अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू तिथे काम करू शकत नाहीत. नायट्रेटच नाही तर वायू होऊन जाणं आणि खाली झिरपणं दोन्ही थांबतं. वरच्या पाण्यात अमोनियम पोचत नाही, त्यामुळे अमोनिया उडत नाही. बांध फुटून पाणी गेलं तरी ते जवळपास कोरंच जातं. अमोनियम वडीपासून सेंटिमीटर-सेंटिमीटरने पसरतं आणि चारही चुडांची मुळं त्याला गाठतात. गुंठ्याला या वड्यांतून सुमारे ५८० ग्रॅम नत्र जातं, फेकण्याच्या शिफारशीत ते एक किलो होतं. बांगलादेशात याच तत्त्वावर गुटी युरिया नावाने मोठ्या क्षेत्रावर भात घेतला गेला आहे. तिथला अनुभव असा की युरिया साधारण एक तृतीयांशाने वाचतो आणि उत्पादन घटत नाही, बहुधा वाढतंच. मर्यादा एक आहे. ज्या खाचरात पाणी टिकत नाही, मुरमातून भराभर जिरतं, तिथे वडीही खाली वाहून जाते. तिथे शेणखत, गिरिपुष्प आणि थोडा-थोडा वरखताचा हप्ता हाच मार्ग बरा.

ज्यांना वड्या मिळत नाहीत त्यांच्यासाठी एक स्वस्त साधन आहे, पर्णरंग तक्ता. हिरव्या रंगाच्या फिकट ते गडद छटांची ही प्लास्टिकची पट्टी. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, सूर्याकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत, वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर ठेवून रंग जुळवायचा. दहा पानांपैकी सहा किंवा जास्त पानं ठरलेल्या छटेपेक्षा फिकट निघाली तरच युरियाचा हप्ता द्यायचा. लावणीच्या सुधारित जातींना ही छटा चौथी, सुवासिक उंच जातींना तिसरी धरतात. हा फरक वेल्ह्यात महत्त्वाचा. इथे इंद्रायणी भरपूर होतो. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेली ही जात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातली, युरियाला चांगला प्रतिसाद देणारी. जुना उंच आंबेमोहोर मात्र नत्र जास्त झालं की लोंबी भरताना लोळतो. शेजाऱ्याने टाकला म्हणून आपणही टाकायचा, या सवयीचं नुकसान आंबेमोहोरवाल्याला आधी सोसावं लागतं.

भात निघाल्यावर ओलीवर हरभरा, वाल किंवा मसूर घेतला तर पुढच्या भाताला जमिनीतूनच थोडं नत्र मिळतं. यात अडथळा खताचा नाही, मोकाट गुरांचा आहे. कापणी झाली की शिवार चराईला मोकळं होतं आणि एकट्याने पेरलेलं कडधान्य टिकत नाही. गावाने मिळून ठरवलं तरच ते जमतं.

इतकं सगळं ठाऊक असूनही वडी खोचणारी खाचरं थोडी का? याचं उत्तर मला पैशाच्या हिशेबात सापडतं. युरियाची ४५ किलोची निंबोळीयुक्त गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, उरलेली मोठी किंमत केंद्र सरकार अनुदानातून भरतं. (२०१५ पासून सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच विकला जातो. नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना तो लेप थोडा काळ रोखतो, पण पाण्याबरोबर वाहून जाणं थांबवत नाही.) या दराने एक किलो नत्र शेतकऱ्याला तेरा रुपयांच्या आत पडतं. वड्या वापरून गुंठ्याला ४२० ग्रॅम नत्र वाचलं तर बचत झाली साडेपाच रुपयांची. त्यासाठी ६२५ वेळा वाकून बोट चिखलात घालायचं. एकरात चाळीस गुंठे, म्हणजे पंचवीस हजार वड्या. हे काम बहुतेक लावणीला वाकलेल्या बायकांच्याच वाट्याला येतं, आणि लावणीच्या दिवसांत मजूर आधीच मिळत नाही. शेतकऱ्याने वड्या नाकारल्या तर तो अडाणी नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. जे नत्र वाहून जातं त्याची किंमत त्याच्या हिशेबात कुठेच येत नाही. ती धरणाखाली कोणीतरी भरतं.

न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवणाऱ्या कॅट्सकिल डोंगरांत हाच प्रश्न होता. वरच्या शेतांतून, गोठ्यांतून येणारी खतं आणि घाण शहराच्या पाण्यात उतरत होती. अब्जावधी डॉलर खर्चून प्रचंड गाळण प्रकल्प बांधण्यापेक्षा वरच्या शेतकऱ्यांना शेती बदलायला पैसे देणं शहराला स्वस्त वाटलं. १९९७ मध्ये तसा करार झाला, आणि गोठ्यांच्या, खताच्या खड्ड्यांच्या, ओढ्याकाठच्या पट्ट्यांच्या कामांसाठी शहराची पाणीपट्टी वापरली जाऊ लागली. पुणे आणि पानशेत यांचं नातं याहून जवळचं आहे. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. पुण्यासाठी पानशेतच्या खोऱ्यातल्या गावांनी आपली शेतं धरणाखाली दिली, आणि उरलेल्या उतारांवर ती अजून भात पिकवतात. पाणीपट्टीतला एक लहान हिस्सा वड्यांची यंत्रं, पर्णरंग तक्ते आणि वड्या खोचण्याची मजुरी यासाठी ठेवला तर शेतकऱ्याच्या हिशेबातली ती हरवलेली रक्कम त्याला मिळेल. सुरुवात करायची तर जलाशयाच्या कडेला लागून असलेल्या खाचरांपासून करावी, कारण तिथून निसटलेला युरिया अडवायला मध्ये दुसरं खाचरही नसतं. गिरिपुष्पाचे फाटे त्याच बांधांवर पावसाच्या सुरुवातीला लावले तर छाटणीजोगी झाडं व्हायला दोनेक वर्षं लागतात. तोवर वड्यांचं यंत्र तालुक्यात कुठे बसवायचं, ते कोणत्या बचत गटाने चालवायचं आणि मजुरी कोणत्या दराने द्यायची, हे ठरवून घेता येईल.